जुनी स्पोर्ट-टूरर घेताय? टोकन द्यायच्या आधी ती माणगावच्या ट्रॅफिकमध्ये चालवा

काल रात्री घरी पोचलो, मनगटं अजून ठणकतायत, पण डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. मुंबईत सेकंडहँड स्पोर्ट-टूरर, म्हणजे जोरात पळणारी पण लांबच्या प्रवासालाही चालणारी बाइक, शोधायला लागलं की जो तो एकच सांगतो, "कावासाकीची निंजा थाउजंड घे, सोफा आहे सोफा, दिवसभर चालव." हे सांगणाऱ्यांनी ती कुठे चालवली असेल माहीत नाही, पण कोकणात नक्कीच नाही.

तर झालं असं की मित्राच्या ओळखीतले पुण्याचे एक दादा त्यांची निंजा 1000 विकतायत, ते म्हणाले मुंबईला घेऊन जा, चालवून बघ, पटली तर ठेव. असा माणूस मिळत नाही हो, डीलर लोक सोसायटीच्या गेटपर्यंत पण एकटं सोडत नाहीत. मग मी आणि मित्र त्याच्या व्हर्सिस 650 वर (कावासाकीचीच, पण उंच, सरळ बसायची टूरिंग बाइक) डबलसीट पुण्याला. जुन्या हायवेने, खोपोलीवरून शिंग्रोबाच्या देवळाजवळून घाट चढून. एक्सप्रेसवेवर टू-व्हीलर बंद, अटल सेतूवर बंद, सी लिंकवर बंद, समृद्धीवर पण बंद. म्हणजे मुंबईकराने 140 हॉर्सपॉवरच्या वरची गाडी घेतली तरी पळवायची कुठे, हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारायचा. नाशिक, अहमदाबाद आणि पुण्याच्या पुढे सातारा-कोल्हापूर, एवढेच रस्ते उरतात. त्यामुळे टॉप स्पीड विसरा, 60 ते 110 मध्ये गाडी किती पटकन उचलते ते बघा, ट्रक ओव्हरटेक करताना तेच लागतं.

परतीला मुद्दाम ताम्हिणी धरला. पिरंगुट, मुळशी, सगळं सुंदर, गाडी तिथे स्वर्ग आहे, चार सिलेंडर, 1043 सीसी, गिअर न बदलता कुठूनही ओढते. पण ते सगळ्यांना माहितीये. खरी परीक्षा घाट उतरायला लागलो तिथून सुरू. हँडल सुपरस्पोर्टएवढं खाली नाही, तरी अंग पुढे झुकतंच, आणि उतारावर सगळं वजन तळहातांवर येतं. जोरात जाताना वारा छातीला उचलून धरतो म्हणून हायवेवर हे जाणवत नाही. 15 च्या स्पीडला वारा नसतो, मग मनगटं आहेत आणि तुम्ही आहात.

आणि मग माणगाव. आम्हाला दोन-तीन जणांनी छातीठोकपणे सांगितलेलं, आता गोवा हायवेचं काम झालंय, बिनधास्त या. कुठे झालंय? माणगाव आणि रायगडातलं इंदापूर, दोन्हीकडे बायपास अर्धवट, सगळी वाहतूक गावातल्या चिंचोळ्या रस्त्यातून, एसट्या, डंपर, रविवारचे दिवेआगरवाले, सगळे एकाच लाइनीत. पाऊस नुकताच ओसरलेला, खड्ड्यांत टाकलेली खडी सगळी वर आलेली. गाडीचं वजन 230 किलोच्या वर, क्लच सतत अर्धा दाबलेला, फॅन चालू झाला की गरम हवा थेट मांड्यांवर, रायडिंग पॅंट घातलेली असूनही चटका बसतो. एका डायव्हर्जनला डांबराची कड चांगली वीतभर उंच, पुढचं चाक चढलं आणि खालून खर्रकन घासल्याचा आवाज आला, पोटात गोळाच आला, गाडी दुसऱ्याची.

इंदापूरच्या पुढे गाड्या बदलल्या. व्हर्सिसवर बसलो आणि पाच मिनिटांत खांदे सैल झाले, खरं सांगतो. हँडल रुंद आणि वर, सस्पेन्शन लांब, तोच रस्ता वाटेना. कोलाड, नागोठणे, वडखळ करत कळंबोलीला आलो तोपर्यंत माझा निर्णय झालेला.

माझं स्पष्ट मत: वर्षातून दोन-चारदा बंगळूर-हैदराबाद करणार असाल तरच निंजा 1000, आणि मग 2017 किंवा नंतरचीच, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक्स बरीच सुधारली, क्रूझ कंट्रोल पाहिजे तर 2020 ची एसएक्स. मागचा टायर 190 मिमी रुंद आहे, त्याची किंमत आधी विचारून ठेवा. निंजा 650 हलकी आहे, शहरात छान, पण टाकी 15 लिटर आणि मागे बसणाऱ्याचे हाल. कोकण, घाट, बायको मागे, सामान, असं असेल तर व्हर्सिस 650, टाकी 21 लिटर, इंजिन निंजा 650 च्याच घरातलं. सीट साधारण 840 मिमी उंच आहे, त्यामुळे उंची कमी असेल तर आधी बसून बघा.

आता डीलरची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. नवी मुंबईत एकाकडे निंजा 650 बघितली, फोनवर एक भाव, तिथे गेल्यावर ट्रान्सफर चार्ज वेगळा, एनओसीचा वेगळा, "डीटेलिंग"चा वेगळा. गाडी कर्नाटक पासिंग. म्हणे टेन्शन नका घेऊ, सगळे असेच फिरतात. साफ खोटं. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नोंदणी इथली करावी लागते, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, जुन्या राज्यातला परतावा मिळवायला तुम्हीच खेटे घालायचे. स्वस्त दिसणारी गाडी तिथेच महाग होते. वर "टायर नवे आहेत" म्हणाला. मी खाली बसून मोबाइलच्या टॉर्चने टायरवरचा कोड वाचला, 3517, म्हणजे 2017 सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर नखाने दबत नव्हतं, कडेला बारीक चिरा. पॉलिश मारून काळा कुळकुळीत केलेला. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळ्यांवर पण बोट फिरवा, तेलाचा ओशटपणा लागला तर सील गेलंय.

त्यामुळे मी तरी एमएच पासिंगचीच घेणार आणि मालकाकडूनच. मालकी बदलीच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर घ्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा काढायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, चलनं बाकी आहेत का ते स्वतः तपासा, आणि गाडी नावावर झाली की 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला टाका. आणि बघायला जाताना सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना, आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असेल तर सरळ निघून या.