फुली काढायला मी आलो नाही

मी इंदूरच्या एका सरकारी शाळेत चित्रकला शिकवतो आणि अधूनमधून दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहितो. निवडणूक आली की मला पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख, म्हणून बसवतात. 13 मे 2024 ला लोकसभेच्या मतदानात माझ्या केंद्रावर जे झालं, त्याचा विचार अजून सुटत नाही.

आमच्याकडची ती निवडणूक आधीच वेगळी होती. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, 29 एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पक्षाने लोकांना नोटाचं, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’चं फुलीवालं बटण दाबायचं आवाहन केलं. चौकाचौकात वाद, आणि दुसरीकडे मतदान वाढावं म्हणून छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या दुकानदारांकडून फुकट पोहे-जिलबी.

मतदान सातला सुरू होतं असं लोकांना वाटतं. आमचं काम साडेपाचलाच लागतं. उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान 50 मतांचा मॉकपोल, म्हणजे चाचणी मतदान, मग यंत्रावरची क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून, मागे शिक्के मारून काळ्या लिफाफ्यात, लिफाफा प्लॅस्टिकच्या डब्यात, डब्याला गुलाबी सील. ‘क्लिअर’ विसरणारे अधिकारी असतात, चाचणीची मतं यंत्रात राहतात आणि संशय मात्र यंत्रावर जातो. याचा मला मनापासून राग येतो.

दुपारी एक वयस्कर गृहस्थ आले. नखांच्या कडेला निळा ऑइलपेंट सुकलेला. पी-टूने, म्हणजे दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याने, शाई लावली तसं त्यांनी बोट उजेडात धरलं. म्हणाले, ‘ब्रश बसलाय तुमचा. रेघ फाटली.’ मी मान वर करून पाहिलं. असं बोलणारा माणूस रंगातलाच असतो.

ते आडोशामागे गेले. पी-थ्रीने, म्हणजे तिसऱ्या अधिकाऱ्याने, कंट्रोल युनिटवर बॅलट सोडला, म्हणजे एका मतासाठी यंत्र खुलं केलं, ‘बिझी’चा लाल दिवा लागला. पण मत पडल्याचा बीप येईना. रांग कुरकुरायला लागली. पी-थ्री वीज खात्यातला तरुण, हुशार, पण घाईचा. ‘सर, आत जाऊन दाबून घ्या ना एकदाचं.’ एक एजंट म्हणाला, ‘नोटा दाबायला सांगा आणि मोकळे व्हा.’ दोघांनाही मी तिथल्या तिथे गप्प केलं. मतदार आत असताना तिथे कुणी पाऊल टाकायचं नसतं, आणि काय दाबायचं हे तर ब्रह्मदेवानेही सांगायचं नसतं. जागेवरूनच विचारलं, ‘काका, काही अडचण?’

ते बाहेर आले. ‘साहेब, चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. या भिंतीवर एकाची निशाणी, समोरच्या भिंतीवर दुसऱ्याची. दोघांचे पैसे घेतले, दोघांची रेघ सारखीच ओढली. आज आत समोरची भिंतच नाही.’

मी त्यांना थांबवलं. केंद्रात निशाणीबद्दल बोलता येत नाही.

‘खालचं फुलीचं बटणही पाहिलं. फुली काढायला मी आलो नाही. मला मत द्यायचं नाही, तसं लिहून घ्या.’

यासाठी नियम आहे, 49-ओ. फॉर्म 17-ए, म्हणजे मतदारांच्या रजिस्टरमध्ये, त्यांच्या नावासमोर नकाराचा शेरा लिहिला, शेऱ्यासमोर त्यांची सही घेतली. सही अशी की मी क्षणभर बघतच राहिलो: पहिलं अक्षर जाड, पुढचं सगळं एका दमात, शेवटी खाली वळलेला फराटा. बॅलट सोडलेलाच होता, म्हणून पुढच्या मतदाराला सरळ आत पाठवलं. पी-थ्रीला हे ठाऊक नव्हतं, तो यंत्र बंद करायला निघाला होता. प्रशिक्षणाला हजेरी लागते, शिकतं कोण! संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा फॉर्म 17-सी भरताना मत न देणाऱ्यांच्या तिसऱ्या मुद्द्यापुढे ‘1’ लिहिला आणि रजिस्टरचा नि यंत्राचा आकडा तेवढ्याच फरकाने जुळला.

इंदूरची कला म्हटली की देवळालीकरांनी 1927 मध्ये काढलेली चित्रशाळा, बेंद्रे, हुसेन हे चित्रकार. ही नावं मीही वर्गात अभिमानाने सांगतो. पण चुन्याच्या भिंतीवर दोरी मारून, शिडीवर उभं राहून हातभर निशाणी काढणाऱ्यांना आपण कलावंतांत कधी धरलंच नाही. भिंती विद्रूप करण्याविरुद्धचा, संपत्ती विरूपणाचा 1994 चा कायदा आला, मग फ्लेक्स आला, आणि त्यांचं काम गेलं. निवडणूक आयोगाकडे निशाण्या पेन्सिलने काढणारे एम. एस. सेठी 1992 मध्ये निवृत्त झाले. नोटाची फुली 2015 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तयार झाली. पेंटरकाकांनी ती कधी रंगवली नसणार. कोण रंगवून घेईल?

त्या दिवसांत मी एक कथा लिहीत होतो. तीत यंत्र मतदाराच्या मेंदूतल्या लहरी वाचून त्याचं मत नोंदवतं, बटणाची गरजच नाही. असिमोव्हची 1955 मधली कथा माझ्या मनात होती: अवाढव्य संगणक देशातून एकच माणूस निवडतो, त्याला प्रश्न विचारतो आणि सगळा निकाल काढतो. आपल्याकडे याच्या नेमकं उलट होतं. गीरच्या जंगलात बाणेजला एकाच मतदारासाठी मतदान केंद्र उभं केलं जात आलं आहे. माझ्यासमोरचं यंत्रही तसंच. त्याला मन कळत नाही, ते कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नाही, आणि बटण दाबलं नाही तर ते नुसतं थांबून राहतं. लाल दिवा लावून थांबलेल्या त्या यंत्राबद्दल मला आदर वाटला.

4 जूनला निकाल लागला. भाजपचे शंकर लालवानी 11,75,092 मतांनी विजयी, नोटाला 2,18,674. त्या आकड्याचा अर्थ जो तो आपापल्या सोयीने लावत होता. पेंटरकाका त्यात नाहीत. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, ‘नोटा तरी दाबायचं होतं, मत वाया गेलं.’ मला हे अजिबात पटत नाही. जो माणूस उन्हात रांगेत उभा राहतो, सगळी चित्रं नीट पाहतो आणि मग सही करून नाही म्हणतो, त्याने काहीच वाया घालवलेलं नाही.

कथेचा मात्र पेच पडला. यंत्र मन ओळखत असेल, तर काकांना नकार देताच येत नाही. ते आत शिरताच त्यांचं मत नोंदलं जाणार. आणि मन ओळखणं काढून टाकलं तर संपादक विचारणार, यात विज्ञान कुठे आहे? त्या वर्षी दिवाळीला मी कथा दिली नाही.