स्फाक्सच्या धक्क्यावरचा बुधवार

फोरमननं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं, "उद्या काही नाही. इत्तिहाद." इत्तिहाद म्हणजे युनियन, एवढं अरबी मला तोवर कळू लागलं होतं.

१२ जानेवारी २०११, बंदर स्फाक्स, ट्युनिशिया. मी बल्क कॅरियरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर. फॉस्फेट भरायला आलो होतो. हा माल गाफ्सा भागातल्या खाणींतून रेल्वेनं बंदरात येतो, आणि भरताना त्याची करडी धूळ हॅचपासून, म्हणजे मालखान्याच्या तोंडापासून, चहाच्या कपापर्यंत सगळीकडे बसते. त्या सकाळी रेलिंगवरून बोट फिरवलं तर ते स्वच्छच निघालं. कन्व्हेयर गप्प, धक्क्यावर एक मांजर.

मी मुंबईच्या गिरणी कामगाराचा मुलगा. १८ जानेवारी १९८२ ला बाबा संपावर गेले. तो संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. आम्ही लालबागची खोली सोडून रत्नागिरीकडे गावी परतलो. त्यामुळे संप म्हटलं की माझ्या पोटात कालवाकालव होते. वर कंपनीच्या ईमेलचा मारा: काम किती वाजता थांबलं, संपाचे तास लेटाइममध्ये, म्हणजे माल भरायला ठरलेल्या वेळेत, धरायचे की नाही?

दुपारी जहाजाचा स्थानिक एजंट कागद घेऊन आला आणि गावातून येणारा आवाज ऐकत गँगवेवरच, जहाजाच्या शिडीवर, थांबला. हजारो माणसं रस्त्यावर होती. "दोन हजार आठपासूनचं आहे हे," तो म्हणाला. त्या जानेवारीत गाफ्साच्या फॉस्फेट कंपनीत नोकरभरतीचा निकाल लागला. नावं वशिल्याची निघाली, आणि रेदेयेफसारखी खाणगावं सहा महिने धुमसत राहिली. गंमत म्हणजे तिथला युनियनचा प्रादेशिक पुढारी सत्ताधारी पक्षाचा खासदारही होता. लढले ते खालचे, शाळामास्तर वगैरे, आणि तुरुंगात गेले तेही तेच. म्हणजे आमच्या होल्डमधला, मालखान्यातला, माल त्याच खाणींचा.

राष्ट्राध्यक्ष झीन अल आबिदीन बेन अली ७ नोव्हेंबर १९८७ पासून गादीवर. बहुतेक विरोधी पक्ष एक तर बंदी घातलेले, नाही तर शोभेचे. बोलायला जागा उरली होती ती देशभरच्या कामगारांच्या या एका युनियनच्या कचेऱ्यांत. स्फाक्सजवळच्या केरकेन्ना बेटावरच्या फरहात हाशेदनं १९४६ मध्ये ही युनियन उभी केली. १९५२ मध्ये फ्रेंच राजवटीत त्याचा खून झाला, त्यामुळे तिला हात लावणं बेन अलीलाही जड जायचं. डावे, वकील, बेकार पदवीधर, सगळे त्याच छपराखाली. सिदी बूझीद गावात मोहम्मद बूअझीझी या फळविक्या तरुणानं १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा या कचेऱ्यांची दारं उघडी होती. वरचे पुढारी मात्र शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात. काझरीन-थाला या गावांत पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेल्यावर ११ जानेवारीला त्यांनी जिल्ह्यांना संपाची मोकळीक दिली. दुसऱ्याच दिवशी स्फाक्स बंद.

गुरुवारी लोडिंग पुन्हा सुरू झालं. रात्री एजंटच्या कचेरीतल्या टीव्हीवर बेन अली बोलताना पाहिला. २०१४ च्या निवडणुकीला उभा राहणार नाही, साखर-दूध-पाव स्वस्त करतो. एजंट म्हणाला, तेवीस वर्षांत पहिल्यांदाच हा आमच्या बोलीत बोलतोय, ‘फहिमतकुम’ म्हणतोय, म्हणजे तुमचं कळलं मला. फोरमन पडद्याकडे पाहत नुसताच शेंगदाणे सोलत बसला होता.

शुक्रवारी ट्युनिसमध्ये संप, गृहखात्यासमोर तुडुंब गर्दी, "देगाज! चालता हो!" संध्याकाळी बेन अली विमानानं सौदीला पळाला. बातमी कळली तेव्हा मी होल्ड क्रमांक तीनचा हिशेब करत होतो. आमचा सारंग, खलाशांचा मुकादम, खारेपाटणचा. तो म्हणाला, "साहेब, गेला वाटतं," आणि परत दोरखंडाकडे वळला. धक्क्यावर हॉर्न वाजत होते, दूर कुठे तरी गोळ्याही. संचारबंदी लागली आणि आमची शोअर लीव्ह बंद.

एका दिवसाच्या संपानं राजा पडतो, असं मी कुणाला सांगणार नाही. बाबांचा संप दीड वर्ष चालला असं लोक म्हणतात, खरं तर त्याहून जास्त. पण तिथं सरकार थांबायला तयार होतं. इथं पोलिसांच्या बंदुका थकल्या होत्या, आणि लष्करानं राजाला वाचवण्यासाठी त्या उचलल्या नाहीत.

शनिवारी गावी फोन लागला. बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज.

मग म्हणाले, "आणि बुधवारचा पगार कापला का रे त्यांचा?"

मी फोरमनला विचारायला खाली गेलो, तर त्याची पाळी संपली होती.