आमची वाटचाल : शिंकणाऱ्या राक्षसाच्या सहाव्या भागापर्यंत

आमची प्रकाशनसंस्था अगदी लहान. संपादन मी पाहते, छपाई आणि वितरण धाकटा भाऊ पाहतो आणि पानांची मांडणी करणारी एक सहकारी आहे. लेखिका, चित्रकार, मुद्रितशोधक हे सगळे ज्या त्या पुस्तकापुरते आमच्याबरोबर असतात. सुरुवातीला आम्ही मुलांसाठी सुटी पुस्तकं काढायचो. शिंक आली की अदृश्य होणारा आणि जांभई आली की पुन्हा दिसू लागणारा राक्षस आमच्याकडे आला, तोही अशाच एका सुट्या पुस्तकातून. आज त्या गोष्टीचे सहा भाग झालेत आणि संस्थेची घडी त्या मालिकेभोवतीच बसली आहे. सहाव्या भागात आमचं आजवरचं सगळं काम पणाला लागलं, म्हणून त्याविषयीच जास्त लिहिते.

पहिले दोन भाग सरळ निघाले. जग नवं, वाचक नवे, प्रत्येक गंमत पहिल्यांदाच घडणारी. तिसऱ्या भागापासून प्रश्न सुरू होतात, कारण आता वाचक दोन प्रकारचे असतात. एकाला आधीचं सगळं तोंडपाठ असतं. दुसऱ्याच्या हाती हाच भाग आधी पडलेला असतो. पहिल्यासाठी जुनी गंमत पुन्हा समजावली तर तो कंटाळतो, नाही समजावली तर दुसरा बाहेरच राहतो. ‘मागील भागात काय घडले’ असं एक पान सुरुवातीला टाकण्याची पद्धत आहे. मला ते पान कधीच आवडलं नाही. हसवण्याचं वचन देणारं पुस्तक कोरड्या सारांशाने का उघडावं?

आमच्या लेखिकेने यावर जो तोडगा काढला तो मला आजही फार मोलाचा वाटतो. तिसऱ्या भागापासून प्रत्येक पुस्तक चेटकिणीच्या तक्रार अर्जाने सुरू होतं. आधी घडलेल्या गोष्टींबद्दल ती सगळ्यांची तक्रार करते, अर्थातच स्वतःच्या बाजूने. नव्या मुलाला कोण कोण आहे ते कळतं आणि जुन्याला चेटकीण काय लपवते आहे ते कळतं. सहाव्या भागातली एक तक्रार अशी आहे : ‘राक्षस माझा झाडू स्वतःचाच समजू लागला आहे. पुरावा : काल तो शिंकला तेव्हा झाडूही अदृश्य झाला.’ या जगाचा नियमच तसा आहे. राक्षसाच्या अंगावरचं आणि हातातलं त्याच्या मालकीचं सगळं त्याच्याबरोबर अदृश्य होतं, उसनं आणलेलं मात्र दिसत राहतं. म्हणून त्याची उसनी टोपी नेहमी हवेत तरंगताना दिसते. नियम माहीत असलेलं मूल त्या ‘पुराव्या’वर लोटपोट हसतं आणि नसलेल्याला पुढच्या दहा पानांत तो नियम कळतो.

विनोदी अद्भुतकथा म्हणजे काहीही घडलं तरी चालतं, असा समज मोठ्यांमध्ये फार आहे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. जादूचा नियम जितका कडक, तितका विनोद पक्का. राक्षस सोयीप्रमाणे दिसू आणि लपू लागला, तर त्याच्या शिंकेला काही किंमतच उरणार नाही. आणि भाग वाढत जातात तसे हे नियम सांभाळणं अवघड होतं, कारण प्रत्येक भागात लेखिका एखादं नवं कलम घालतेच.

त्यासाठी आमच्याकडे एक नोंदवही आहे. कुठल्या भागात, कुठल्या पानावर कोणता नियम आला, कोणाचा डोळा कुठल्या रंगाचा, किल्ल्याला दारं किती, चेटकीण कोणाला ‘अहो’ म्हणते आणि कोणाला ‘अरे’, सगळं त्यात आहे. मुद्दाम केलेल्या चुकांसाठी वेगळी पानं राखली आहेत. मालिकेतलं घुबड पत्रं लिहितं तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सतत उलटं लिहितं आणि नेमक्या त्याच चुकांवरून पुढे एक कट उघडकीला येतो. मुद्रितशोधक नवीन असेल तर आधी ती पानं त्याच्या हाती देतो, नाहीतर घुबडाचं पत्र शुद्ध होऊन येईल आणि कटाचा धागाच तुटेल. नवा भाग आला की मी नोंदवही शेजारी ठेवूनच हस्तलिखित वाचते. हे काम किचकट आहे, पण पुस्तकाबद्दलचा आदर त्यात आहे असं मी मानते. तिसऱ्या भागात घारे असलेले डोळे सहाव्यात काळे झाले, तर ते मुलांच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही आणि त्यांचा आपल्यावरचा विश्वास थोडा कमी होतो.

सहाव्या भागाचं बीज मुलांकडूनच आलं. छपाईला जाण्याआधी प्रत्येक हस्तलिखित लेखिका मुलांना मोठ्याने वाचून दाखवते आणि ती कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, ते मी समासात टिपते. पाचव्या भागाच्या वाचनात एका मुलीने हात वर केला : ‘ताई, पण त्याला झोपच आली नाही तर? मग जांभई कशी येणार?’ लेखिका वाचायची थांबली आणि तिने तो प्रश्न हस्तलिखिताच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला. सहावा भाग त्याच प्रश्नावर उभा आहे. राक्षसाची झोप उडते आणि जवळजवळ सगळं पुस्तक तो अदृश्यच राहतो. त्याला झोप यावी म्हणून सगळं राज्य कामाला लागतं आणि अंगाई गाता गाता राज्यच पेंगू लागतं.

हस्तलिखित वाचून मी खूश झाले आणि चित्रकार गंभीर झाला. नायकच दिसत नाही, तर चित्रात काढायचं काय? त्याने चित्रं काढायला घेण्याआधी नोंदवही मागवली आणि राक्षसाच्या ताब्यातल्या वस्तूंची यादी केली : कोणती स्वतःची, कोणती उसनी. मग उसन्या वस्तूंवरच चित्रं रचली. हवेत टोपी, तिच्याखाली बऱ्याच अंतरावर उसने जोडे, मध्ये काहीच नाही, आणि तरी तो वाकून बसला आहे हे कळतं, कारण टोपी पुढे झुकलेली आणि गवत एका गोल जागेत चेपलेलं. मुलांना ती चित्रं दाखवली तेव्हा ती रिकाम्या जागेकडे बोट करून ‘हे त्याचं पोट’ म्हणत होती.

मुखपृष्ठही तसंच झालं. वर मॅट लॅमिनेशन आणि राक्षसाच्या आकारापुरतं स्पॉट यूव्ही, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर. समोरून पाहिलं तर फक्त टोपी आणि जोडे दिसतात, पुस्तक उजेडात जरा तिरकं धरलं की मधला राक्षस चमकतो. या थराची जागा एखादा मिलिमीटर जरी सरकली तरी टोपी त्याच्या कानावर येते, म्हणून भाऊ छापखान्यात उभा राहून ताव तपासत होता. एवढा खर्च मुखपृष्ठावर करायचा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. तो खर्च गोष्टीतूनच आला होता, म्हणून आम्ही केला.

पानांच्या मांडणीत दुसरी कसरत असते. विनोदाचा शेवट पान उलटल्यावरच दिसावा, म्हणजे प्रश्न उजव्या पानाच्या तळाशी आणि उत्तर त्याच पानाच्या पाठीमागे. शेवटच्या प्रुफात दोन ओळी वाढल्या की प्रश्न उडी मारून पलीकडे जातो आणि प्रश्न-उत्तर एकत्र दिसू लागतात. अशा वेळी आम्ही अक्षरं दाबून बसवत नाही, लेखिकेकडून एखादं वाक्य कमी करून घेतो. १६ पॉइंटचा टाइप, ओळींमध्ये मोकळी जागा, आणि ल, श मराठी वळणाचेच, एवढं ठरलेलं आहे. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाने अक्षर ओळखण्यात दम घालवला तर हसायला तो उरणार कुठून?

पुस्तक १६ पानांचे ८ फॉर्म (घडी घातलेले छापील ताव), म्हणजे १२८ पानांचं. पाठीची जाडी सहा-साडेसहा मिलिमीटर भरते, तेवढ्यात भागाचा आकडा ठळक बसवावा लागतो, कारण मुलं आकडा पाहूनच पुस्तक ओढतात. फॉर्म दोऱ्याने शिवून घेतो. मुलं पुस्तक पूर्ण उलटं मोडून वाचतात आणि नुसत्या गोंदाची बांधणी त्यात टिकत नाही.

व्यवसायाच्या दृष्टीने सगळ्यात कठीण निर्णय वेगळाच होता. मालिकेतला एक भाग संपला की पुढचे सगळे अडतात. तिसरा मिळत नाही म्हणून चौथा कोणी घेत नाही आणि विक्रेता पूर्ण मालिकाच मागे सरकवतो. त्यामुळे नव्या भागासोबत आधीचा जो भाग कमी उरला असेल तो छापायचाच, असं आम्ही ठरवलं. यात पैसा अडकतो, नव्या लेखकांची एखादी संहिता वर्षभर पुढे ढकलावी लागते आणि त्याचं मला वाईटही वाटतं. पण पहिला भाग वाचलेली मुलं आता मोठी झाली, त्यांच्या जागी आठ-नऊ वर्षांची नवी आली आणि त्यांच्यासाठी पहिला भाग आजच आलेला असतो. सहावा भाग हाती पडलेलं मूल मागे वळून पहिला मागतं, तेव्हा तो द्यायला आमच्याकडे असायला हवा. थोड्या प्रती लागणार असतील तिथे डिजिटल छपाई घेतो, मोठी मागणी असेल तर ऑफसेट.

सध्या सहाही भाग सुटे मिळतात आणि संचातही. सातव्याचं हस्तलिखित आलं आहे. त्यात चेटकीण पहिल्यांदाच राक्षसाची बाजू घेऊन अर्ज लिहिते. मुलांसमोरचं वाचन व्हायचं आहे, त्याआधी मी नोंदवहीतून झाडूच्या मालकीचा प्रश्न तपासते आहे.