हिरव्या झाकणाची नळी मी परत का पाठवते

"रक्त तेच, पेशंट तोच, मग नळी परत का?" वॉर्डातून आमच्या लॅबमध्ये हा फोन येतच असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असतं. रक्त गोठू न देण्याचं काम ते चोख करतं. पण विषाणू शोधायच्या पीसीआर चाचणीत डीएनएच्या प्रती काढणारं टॅक पॉलिमरेज हे मुळात एका जिवाणूचं एन्झाइम, यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या. 95 अंशांना न डगमगणारं हे एन्झाइम हेपारिनपुढे मात्र हात टेकतं. डीएनएवर ऋणभार असतो, हेपारिनच्या साखळीवर तर तो ठासून भरलेला. एन्झाइमवर डीएनएने जिथे बसायचं, ती जागाच हेपारिन अडवतं. एन्झाइम मरत नाही, अडकून पडतं. आणि उकळून हेपारिन जात नाही.

मी नवी असताना किडनी बदललेल्या एका पेशंटचा नमुना आला. ताप होता, सीएमव्ही या विषाणूची शंका होती. नळी हिरवी. डीएनए वेगळा काढताना सगळं धुऊन जातं, असं मी धरून चालले. प्रती काढण्याच्या चाळीस फेऱ्या संपल्या तरी स्क्रीनवर रेघ सपाट. सोबतच्या कंट्रोलची, म्हणजे चाचणी चालते का हे पाहायला घातलेल्या डीएनएची, रेघही सपाट. तिथेच थांबायला हवं होतं. कंट्रोल घालायचं माझ्याकडूनच राहिलं असेल, असं समजून मी 'विषाणू आढळला नाही' लिहिलं. पाच दिवसांनी जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त आलं आणि चोविसाव्या फेरीलाच रेघ उसळली. फ्रीजमधला जुना नमुना काढून दहापट पातळ केला, म्हणजे हेपारिनही तेवढंच पातळ झालं, तर त्यातही विषाणू निघाला. तो तिथेच होता. ते पाच दिवस पेशंट औषधाविना होता.

जांभळ्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. टॅकला लागणारं मॅग्नेशियम तेही पकडून ठेवतं. पण ते लहान रेणू, धुण्यात बरंचसं निघून जातं. हेपारिन डीएनएसोबत शेवटपर्यंत येतं.

तरीही गेल्या महिन्यात मी एक हिरवी नळी घेतली. पेशंटची शीर सापडतच नव्हती, पुन्हा टोचा म्हणायला जीभ रेटेना. नमुना पातळ केला, कंट्रोल नीट वर आला, रिपोर्टवर तशी नोंद केली. पण विषाणू अगदी थोडा असता, तर पातळ करण्यात तोच हातचा गेला असता. त्या रात्री मी तो आलेख तीनदा उघडून पाहिला.