तुम्ही विचारलंत म्हणून: कूलर कुठला, पेस्ट कुठली?

राजारामपुरीत असो की रंकाळ्यावर, ओळखीचं पोरगं भेटलं की प्रश्न ठरलेला, "दादा, गेमिंग पीसी करतोय, कूलर कुठला घेऊ आणि पेस्ट कुठली?" आणि माझं उत्तर ऐकून निम्मी पोरं नाराज, कारण डोक्यात आधीच लाइटवालं, ३६० मिमीच्या रेडिएटरचं, पाणी फिरवून थंड करणारं लिक्विड कूलर बसलेलं असतंय.

कूलर म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा, पेस्ट म्हणजे त्या दोघांच्या मधे लावायचा लेप. म्हणून आधी प्रोसेसर सांग म्हणतो मी. रायझन ५ ७६०० असेल तर कूलर बॉक्समध्येच येतोय, ६५ वॅटची चिप, गेमला चालतंय, फक्त काम वाढलं की आवाज करतोय. आवाज नको तर डीपकूल एके४०० सारखा एका टॉवरचा, म्हणजे पात्यांच्या एकाच उभ्या गठ्ठ्याचा, एअर कूलर घे, विषय संपला. ७८००एक्स३डीच्या बॉक्समध्ये कूलर नाही, पण गेममध्ये ती चिप फार वीज खातच नाही, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन तिला पुरून उरतोय. लिक्विड लागतं ते आय९ १४९००के सारख्याला, जो टर्बोत, म्हणजे पूर्ण वेगात, २५३ वॅट ओढतोय, आणि तेही दिवसभर व्हिडिओ-थ्रीडीचं रेंडरिंग लावणार असशील तर. नाहीतर ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाल की भावा. एअर कूलरचा फॅन गेला तर फॅन बदलायचा, लिक्विडचा पंप गेला की बहुतेक वेळा अख्खं युनिटच नवं.

आता पेस्ट. उद्यमनगरात लेथवर काम केलेल्याला हे सांगावं लागत नाही, कितीही फिनिशिंग मारा, पृष्ठभागावर बारीक खाचा राहतातच. प्रोसेसर आणि कूलर एकमेकांवर बसले की त्या खाचांत हवा अडकते. उष्णता वाहून न्यायच्या मापात तांबं ४०० च्या आसपास, चांगली पेस्ट ८-१०, हवा ०.०२६. म्हणजे हवेपुढं पेस्ट भारीच, पण तांब्यापुढं काहीच नाही, म्हणून थर जाड झाला की उलटा तोटा. मधोमध वाटाण्याएवढी टाकायची, कूलरच्या दाबानं ती आपोआप पसरते. आर्क्टिक एमएक्स-४ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ बास, त्यावरच्या महागड्या ट्यूबनं दोन-तीन डिग्रीच्या वर फारसं काही पदरात पडत नाही. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या, म्हणजे पातळ धातूच्या, नादाला लागूच नका, त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि बोर्डावर सांडलं तर शॉर्ट.

मागं एकाचा पीसी बघितला, आय५ १२४००एफ, गेम सुरू केला की थेट १०० डिग्री, फॅन नुसता बोंबलतोय. पोरगं म्हणतंय पेस्ट खराब आहे. कूलर काढला तर बुडाची प्लास्टिकची फिल्म जशीच्या तशी, आणि पेस्ट त्या फिल्मवर छान पसरलेली! फिल्म काढली, बूड पुसलं, तीच पेस्ट परत लावली, चाललं.

काढताना एक बघा, एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवाल्या बोर्डावर कूलर सरळ ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसर पिनांसकट वर येतो. थोडा वेळ गेम चालवून गरम करायचा, पीसी बंद करायचा, मग कूलर डावीउजवीकडं हलकं फिरवत काढायचा.

आणि एप्रिलात "दादा, टेंपरेचर वाढलं" म्हणून मेसेज येतात, अरे खोलीच दहा डिग्रीनं तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जाणार, कूलर म्हणजे एसी नव्हे. समोरून काचबंद कॅबिनेट आणि वर धुळीनं बुजलेली जाळी असेल तर आधी ती साफ करा.

घेण्याआधी कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो ते बघा, एके४०० १५५ मिमीचा आहे, नॉक्टुआचा डी१५ १६५ चा, आणि तेवढ्या दहा मिमीत साइड पॅनल अडतं. कॅबिनेटचं माप सापडत नसलं तर मॉडेल पाठवा, बघून सांगतो.