थ्रेशरची धूळ अन् मिठाचं पाणी

काल दिवसभर सोयाबीन काढलं. थ्रेशरची धूळ नाकातोंडात गेली अन् आज सकाळी थुंकीही गिळवत नव्हती. माय म्हणाली, "गोळी मंग घेजो, आधी गुयण्या कर."

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मान मागे टाकून घशाशी खळखळ करायचं अन् थुंकायचं, गिळायचं नाही. बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. 3-4 वेळा केलं. खारं पाणी सुजेतलं पाणी ओढून घेतं, कफ सैल करतं. दुखणं मुळातून जात नाही, पण आराम पडतो. संध्याकाळी भाकर सुखानं उतरली!

ताप असला किंवा दोन-तीन दिवसांत उतार नाही पडला, तर आरोग्य केंद्र गाठा, अंगावर काढू नका.

उद्या दोन एकर राहिलंय. दुपट्टा तोंडाला बांधूनच उभा राहीन.