विल्सची ‘मिलिटरी मोटर्स’, 1916 : 50 पैकी 41

ही सिगरेटच्या पाकिटातून मिळणारी चित्रकार्डं. 41 हाती आली, पण एका जातीची जुळली फक्त 29. घोळ कार्डाच्या पाठीवर आहे. ब्रिस्टलच्या विल्स या सिगरेट कंपनीने लष्करी मोटारींची ही मालिका दोन तऱ्हांनी छापली: एकीत मागे पहिल्या महायुद्धातल्या सेन्सॉरने मंजूर केल्याची ओळ आहे, दुसरीत नाही. चित्रं तीच, त्यामुळे सरमिसळ झालेला संच ‘पूर्ण’ म्हणून सर्रास विकला जातो. मागच्या बाजूचा फोटो पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत. सध्या ओळवाली 29, बिनओळीची 7, आणि 5 कार्डं अजून जुन्या वहीच्या पानांना चिकटलेली.

ही ओळ महत्त्वाची, कारण युद्ध सिगरेटच्या पाकिटाच्या आत कुठवर पोचलं होतं ते तिच्यात दिसतं. याच विल्सची 1915 ची ‘वॉटर्लू’ मालिका तर बाजारात आलीच नाही: त्या लढाईत फ्रान्स ब्रिटनचा शत्रू होता, आता मित्रराष्ट्र.

आता ती 5 कार्डं. आधी डिंक ओळखायचा. कडेचा कण खरवडून वेगळ्या कागदावर घ्या आणि त्यावर पातळ आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं झालं तर पिठाची खळ, नाही तर बहुधा सरस. पाचातली चार खळीची निघाली. त्यांच्याभोवती 1 सेंमी सोडून पान कापलं. कार्ड पानावरून ओढायचं नाही. कार्ड पालथं ठेवून पान कार्डावरून सोलायचं. 100 मिलि पाण्यात 4 ग्रॅम मिथाइल सेल्युलोज (पाण्यात जेल होणारी पावडर) रात्रभर भिजवून केलेल्या जेलचा 2 मिमी थर पानाच्या पाठीवर, वर प्लॅस्टिक, 10 मिनिटं. मग पान पापुद्र्या-पापुद्र्याने, अगदी आडवं धरून काढायचं. शेवटच्या पापुद्र्याला पुन्हा 5 मिनिटं द्या. इथे घाई केली की कार्डाचाच थर सुटतो आणि नेमकी ती ओळ पानाबरोबर जाते. थेट पाण्यात बुडवणं त्याहून वाईट: 67 × 36 मिमीचा तो पुठ्ठा फुगून कडा फाकतात.

वाळवताना टिपकागद आणि कार्ड यांच्यामध्ये न विणलेलं पॉलिएस्टर हवंच, नाही तर उरलेलं जेल टिपकागदाला धरतं. पहिला टिपकागद 15 मिनिटांनी, दुसरा तासाने बदला. मग 2 किलो वजनाखाली 24 तास.

चारांपैकी तीन ओळवाली निघाली, म्हणजे 32. चौथ्याच्या पाठीवर ती ओळ मुळातच नव्हती. ते बिनओळीच्या गठ्ठ्यात. सरसाचं पाचवं कोमट जेलने, पुढच्या खेपेला.